मुंबई ते लंडन किती लांब? खरं उत्तर किलोमीटरमध्ये मिळत नाही

आमच्या पनवेलमध्ये सध्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं. "आता काय, विमानतळ दारात आलं. लंडन, दुबई सगळं जवळ." नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, तेव्हापासून हा उत्साह आहे. आनंद मलाही आहे. पनवेलहून सहारला पोहोचायला ट्रॅफिकमध्ये दोन-अडीच तास घालवलेल्या माणसाला हा आनंद काय असतो ते वेगळं सांगायला नको.

पण "लंडन जवळ आलं" हे वाक्य ऐकलं की मला आमच्या शेजारच्या काकूंची आठवण येते, आणि मी गप्प बसतो. आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

१२ जून २०२५. दुपारपासून सगळ्यांच्या घरात टीव्हीवर अहमदाबादची बातमी चालू होती. लंडनला निघालेलं विमान उड्डाण केल्याकेल्या कोसळलं होतं. त्याच संध्याकाळी आमच्या शेजारचे काका गेले. बरेच दिवस आजारी होते. त्यांचा एकुलता एक मुलगा लंडनला. त्याला फोन गेला. त्याने मिळेल ते त्या रात्रीचं तिकीट काढलं. काकू एकच म्हणत होत्या, "नको येऊ दे रे त्याला विमानाने." आम्ही समजूत घातली. सकाळी अकरापर्यंत येईल, तोवर थांबू, असं ठरलं. बर्फाची पेटी आणली.

पहाटे तो आकाशात असतानाच इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश बंद झालं. त्याचं विमान मधूनच वळवलं, युरोपातल्या एका विमानतळावर उतरवलं. तिथून पुढचं तिकीट, मग आणखी एक, असं करत तो १५ तारखेला पहाटे पनवेलला पोहोचला. तेराच्या संध्याकाळी पुतण्याने अग्नी दिला होता. मुलगा आला तो थेट राख सावडायला.

इथे मला कुठल्या कंपनीला दोष द्यायचा नाही. विमान वळवलं ते बरोबरच केलं. पण त्या दिवसांत काकूंनी मला एक प्रश्न विचारला होता. "दहा तासांचा तर रस्ता आहे ना रे? मग तीन दिवस कसे लागले?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

नकाशावरची दोरी

मुंबई विमानतळ ते लंडनचं हीथ्रो हे सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे. "सरळ" म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन्ही टोकांना दोरी ताणून धरली तर ती जितकी भरेल तितकं. घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर करून बघा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही दोरी चालत नाही, तिथे दिशा फसवी दिसते.

आता ती दोरी कुठून जाते ते बघा. मुंबईहून वायव्येला, काठियावाड-कच्छवरून थेट कराचीच्या डोक्यावर. मग बलुचिस्तान आणि इराणची पूर्व सीमा. तिथून कॅस्पियन समुद्राचा दक्षिण किनारा. पुढे आर्मेनिया-अझरबैजान ज्यासाठी लढले तो काराबाखचा भाग. मग जॉर्जियातून फुटलेला अबखाझिया. मग काळा समुद्र आणि क्रिमिया. मग युक्रेन. त्यानंतर कुठे पोलंड, जर्मनी आणि लंडन.

एकेक नाव परत वाचा. जगातली इतकी भांडणं एकाच दोरीत ओवलेली आहेत. आपल्या पिढीत असं एकही दशक गेलं नाही की या दोरीवरचा कुठलाच तुकडा बंद नव्हता. म्हणूनच मुंबईहून लंडनला जाणारं विमान ही दोरी जशीच्या तशी जवळपास कधीच पकडत नाही. ७,२०० किलोमीटर हा आकडा भूगोलाच्या पुस्तकातला. प्रत्यक्षातला आकडा दर वर्षी, कधी कधी दर महिन्याला बदलतो.

आधी बोटीचा हिशोब

हे काही विमानापासून सुरू झालेलं नाही. बोटीच्या काळातही असंच होतं.

केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई ते लंडन हा समुद्रमार्ग जवळपास २० हजार किलोमीटरचा. १७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला आणि तोच प्रवास साधारण साडेअकरा हजार किलोमीटरवर आला. दोन्ही शहरं आपल्या जागेवर, पण मधलं अंतर आठ हजार किलोमीटरने कमी. मुंबईची गोदी, कापसाचा व्यापार, विलायतेला शिकायला जाणारी मुलं, सगळ्यावर त्याचा परिणाम झाला. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, मुंबईहून समुद्राखालची तार टाकून झाली आणि इंग्लंडची बातमी मुंबईत यायला आठवडे लागेनासे झाले. बातमी आधी आणि माणूस नंतर, ही आजची अवस्था तेव्हापासूनची आहे.

१९३० सालचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० ला मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले आणि १८ ऑक्टोबरला लंडनला पोहोचले. बरोबर चौदा दिवस. पुढच्या वर्षी गांधीजी २९ ऑगस्टला निघाले आणि १२ सप्टेंबरला पोहोचले. तेही चौदाच दिवस. दोन आठवडे हा तेव्हाचा ठरलेला हिशोब होता, आणि तो सुएझवर उभा होता.

मग ५ जून १९६७ ला अरब-इस्रायल युद्ध पेटलं, कालवा बंद पडला तो थेट ५ जून १९७५ ला उघडला. आठ वर्षं. चौदा जहाजं कालव्यातल्या ग्रेट बिटर तलावात अडकून पडली होती. या आठ वर्षांत मुंबई ते लंडन हे बोटीचं अंतर परत शंभर वर्षं मागे, म्हणजे २० हजार किलोमीटरच्या आसपास गेलं. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाल्यावर कितीतरी जहाजांनी पुन्हा तोच केपचा वळसा धरला. म्हणजे एकदा कमी झालेलं अंतर कमीच राहील याची खात्री नाही.

इराणचं "नाही" आणि शारजाचा किल्ला

आता विमानाकडे येऊ. ही गोष्ट मला स्वतःलाच फार नवी होती.

इंग्रजांना लंडन ते हिंदुस्थान अशी विमान टपाल सेवा हवी होती. १९२७ च्या सुरुवातीला त्यांच्या इम्पीरियल एअरवेजने सेवा चालू केली, पण ती कैरो ते बसरा एवढीच. पुढे कराचीपर्यंत यायचं तर इराणच्या किनाऱ्यावरून यावं लागे, आणि इराणची परवानगी मिळत नव्हती. निम्म्या जगावर राज्य करणारं साम्राज्य एका देशाच्या होकारासाठी थांबून राहिलं होतं.

शेवटी परवानगी मिळाली आणि ३० मार्च १९२९ ला लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीची सेवा सुरू झाली. प्रवास किती? साधारण सात दिवस. आणि तो सगळा विमानाचाही नव्हता. क्रॉयडन ते स्वित्झर्लंडमधलं बाझल विमानाने, बाझल ते इटलीतलं जिनोआ चक्क रेल्वेने, जिनोआ ते अलेक्झांड्रिया पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, मग कैरोपर्यंत पुन्हा रेल्वे, आणि तिथून पुढे दुसऱ्या विमानाने मुक्काम करत करत कराची. तरीही बोटीच्या निम्मा वेळ.

१९३२ मध्ये इराणने किनाऱ्यावरून उडायची सवलत काढून घेतली. मग इंग्रजांनी आखाताची दुसरी बाजू धरली, म्हणजे अरबांचा किनारा. त्यासाठी शारजाच्या शेखांशी करार झाला, वाळवंटात धावपट्टी आखली गेली आणि प्रवाशांना रात्री मुक्कामाला किल्ल्यासारखं विश्रामगृह बांधलं. ती वास्तू आजही शारजात आहे, तिचं संग्रहालय केलंय. आज आपल्या कोकणातली, साताऱ्या-सांगलीकडची किती माणसं त्या भागात नोकरीला आहेत. तिथलं पहिलं विमानतळ उभं राहिलं ते एका शेजाऱ्याने "माझ्यावरून जाऊ नका" म्हटल्यामुळे.

हे सगळं टपाल कराचीपर्यंत येत होतं. मुंबईचं काय? कराचीहून पुढे रेल्वे. ती कसर जे. आर. डी. टाटांनी भरून काढली. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते एका इंजिनाच्या छोट्या पुस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले होते. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेलं.

वर सांगितलेली दोरी आठवते? ती कराचीवरूनच जाते. जे. आर. डी. त्या दिवशी कराचीहून मुंबईला आले ते लंडन-मुंबई या सरळ रेषेच्या अगदी शेवटच्या तुकड्यावरून. तो तुकडा तेव्हा एका दिवसात, एका माणसाने, परवान्याच्या कटकटीशिवाय पार केला. आज २०२५ मध्ये कुठलंही भारतीय प्रवासी विमान तो पार करू शकत नाही. त्र्याण्णव वर्षांची प्रगती म्हणायची ही.

आकाश कुणाचं?

इथे कायद्याचं थोडं सांगतो, कंटाळा करू नका.

समुद्रावर किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापलीकडे सगळ्यांना मोकळीक असते. आकाशाचं तसं नाही. १९१९ च्या पॅरिस करारात ठरलं आणि डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात पक्कं झालं, की प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश त्याच देशाचं, पूर्णपणे. शेजाऱ्याच्या शेतातून वाट असावी तसं हे. वाट आहे, पण बांधावर काटे टाकायचा अधिकार त्याचा. शिकागोलाच आणखी एक करार झाला, त्यात सही करणाऱ्या देशांनी एकमेकांच्या विमानांना वरून जाऊ द्यायचं कबूल केलं. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्यात आहेत. तरी काय झालं ते पुढे बघा.

मंगळवारचं विमान आणि मॉं ब्लांचा डोंगर

स्वातंत्र्यानंतर वर्ष व्हायच्या आत, ८ जून १९४८ ला मंगळवारी, एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं. कैरो, जिनिव्हा आणि लंडन. १० जूनला ते लंडनला उतरलं. हा मार्ग साधारण आठ हजार किलोमीटरचा होतो, म्हणजे सरळ दोरीपेक्षा सातशे-आठशे किलोमीटर जास्त. विमानांना मध्ये इंधन घ्यावंच लागे हे एक कारण. आणि सरळ दोरीचा मोठा तुकडा तेव्हा सोव्हिएत संघाच्या डोक्यावरून जात होता, तिथून जाणं शक्यच नव्हतं.

चौदा दिवसांचे दीड-दोन दिवस झाले. देशाला अभिमान वाटावा असंच होतं ते. पण या वाटेने किंमतही घेतली.

३ नोव्हेंबर १९५० ला हेच 'मलबार प्रिन्सेस' विमान जिनिव्हाला उतरायच्या आधी आल्प्समधल्या मॉं ब्लां या डोंगरावर आदळलं. अठ्ठेचाळीस माणसं गेली. आठ कर्मचारी, बाकीचे प्रवासी, आणि त्यात बहुतेक सगळे भारतीय खलाशी. इंग्लंडमध्ये बोटीवर कामाला रुजू व्हायला चालले होते. बोटीवरचा माणूस वेळ वाचवायला विमानात बसला होता.

२४ जानेवारी १९६६ ला, त्याच डोंगरावर, एअर इंडियाचंच बोइंग ७०७ 'कांचनजंगा'. मुंबई, दिल्ली, बैरुत, जिनिव्हा, लंडन असा मार्ग. जिनिव्हाला उतरताना आपण डोंगर ओलांडला की नाही याबाबत वैमानिकाची गल्लत झाली. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र आधीच बंद होतं. ११७ जण गेले, त्यात डॉ. होमी भाभा.

त्या डोंगरावरची हिमनदी अजून त्या विमानांच्या वस्तू बाहेर टाकते. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची थैली सापडली. २०२० मध्ये जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं सापडली, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीची. चोपन्न वर्षं उशिरा पोहोचलेले पेपर. काही प्रवास असेही असतात.

१९६० पासून जेट विमानं आली, वेग जवळपास दुप्पट झाला. पुढे लांब पल्ल्याची विमानं आली, मधले थांबे गळाले. आज मुंबई ते लंडन थेट जायला साधारण साडेनऊ-दहा तास लागतात आणि यायला साडेआठ-नऊ. हा फरक का, असं बरेच जण विचारतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. निसर्गाचा फरक हा एवढाच, तासाभराचा. बाकीचे फरक माणसांनी केलेले.

आपणही दार लावलं होतं

पाकिस्तानने आकाश बंद केलं की आपल्याकडे चीड येते. पण पोस्ट इतिहासाची आहे तर पूर्ण इतिहास सांगायला हवा.

३० जानेवारी १९७१ ला 'गंगा' नावाचं आपलं विमान श्रीनगर-जम्मू प्रवासात पळवून लाहोरला नेलं. प्रवासी सुटले, विमान जाळलं गेलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायला बंदी केली. तेव्हा पाकिस्तानचे दोन भाग होते आणि मध्ये आपण. कराची ते ढाका थेट अंतर तेवीसशे-चोवीसशे किलोमीटर. बंदीनंतर त्यांची विमानं श्रीलंकेला वळसा घालून जायला लागली, अंतर जवळपास दुप्पट. एकाच देशातली दोन शहरं एका रात्रीत एकमेकांपासून दुप्पट लांब गेली. त्या वर्षी पुढे पूर्व पाकिस्तानात काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या फौजेला माणसं आणि सामान नेणं या वळशामुळे कितीतरी अवघड झालं.

पाकिस्तान तक्रार घेऊन आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे गेला. या संघटनेला हे ऐकायचा अधिकार नाही असं भारताचं म्हणणं होतं. ते प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट १९७२ मध्ये न्यायालयाने अधिकार आहे असा निकाल दिला. पण आकाश उघडलं ते निकालाने नाही. १९७६ मध्ये दोन्ही देशांनी बोलणी केली तेव्हा उघडलं.

म्हणजे आकाशाचं दार हे हत्यार आहे. ते आपण वापरलं, त्यांनी वापरलं. १९७१ मध्ये वापरणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण हत्यार आहे म्हटल्यावर त्याची जखम कुणाला होते हेही बघायला हवं.

गेली सहा-सात वर्षं

बालाकोटनंतर, २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते १६ जुलैला पूर्ण उघडलं. त्या काळातलं नुकसान सरकारने संसदेत सांगितलं. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपये. एअर इंडिया तेव्हा सरकारी होती, म्हणजे ते पैसे तुमचे-माझे.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. त्याआधी १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवरून जाणारं मलेशियाचं विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं होतं, २९८ माणसं गेली होती. ८ जानेवारी २०२० ला तेहरानजवळ युक्रेनचं विमान पाडलं गेलं, १७६ माणसं गेली. म्हणून सांगतो, "कशाला वळवतात, जाऊ द्यायचं सरळ" असं कुणी म्हणू नये. वळसा घातलेला कधीही परवडला.

युरोप आणि रशियाने एकमेकांना आकाश बंद केल्यावर फिनलंडचं काय झालं ते बघा. हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास रशियावरून साधारण साडेनऊ तासांचा. ती वाट बंद झाल्यावर तेरा तासांच्या आसपास गेला. १९८३ मध्ये त्यांनी रशिया टाळून उत्तर ध्रुवावरून थेट टोकियो गाठलं होतं, त्याच ध्रुवाच्या वाटेवर ते चाळीस वर्षांनी परत आले.

रशियाने आपल्याला मात्र बंदी केली नाही. त्यामुळे दिल्लीहून अमेरिकेला जाणारी आपली विमानं रशियावरून जाऊ शकतात, अमेरिकन कंपन्यांची जाऊ शकत नाहीत. तिथे आपल्याला अंतर कमी, त्यांना जास्त. आणि २४ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, ३० एप्रिलला आपण त्यांना केलं. तिथे उलटं. परदेशी कंपनीचं विमान कराचीवरून जाऊ शकतं, आपलं नाही. शहरं तीच, विमान त्याच बनावटीचं, फक्त शेपटीवरचा झेंडा वेगळा म्हणून अंतर वेगळं. मुंबईकरांना याची झळ दिल्लीपेक्षा कमी, कारण आपल्याला अरबी समुद्र मोकळा आहे. समुद्रावरून ओमान, आखात, इराण, इराक, तुर्कस्तान अशी वाट काढता येते.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. उत्तरेला युक्रेन बंद. पूर्वेकडून कराची आपल्या विमानांना बंद. उरली ती मधली चिंचोळी पट्टी, इराण-इराकची. युरोप आणि भारत यांच्यातली बरीचशी वाहतूक तिथून जात होती. १३ जूनला पहाटे ती पट्टीही बंद झाली. मुंबईहून लंडनला निघालेलं विमान परत मुंबईला आलं. काकूंचा मुलगा उलट दिशेने येत होता, तो मध्येच अडकला. दहा तासांचा रस्ता खराच होता. पण त्या रस्त्यावर पाच-सहा दारं होती आणि त्यातलं एकही आपल्या हातात नव्हतं.

मग आपण काय करायचं?

आकाश बंद करणं हा सरकारचा अधिकार आहे, देशाच्या सुरक्षेसाठी तो लागतोच. माझं म्हणणं इतकंच, की त्याचा हिशोब लोकांसमोर यावा. २०१९ मध्ये संसदेत प्रश्न विचारला गेला म्हणून ४९१ कोटींचा आकडा कळला. आता बहुतेक कंपन्या खासगी आहेत. तिकिटात किती वाढ झाली, किती प्रवासी अडकले, अडकलेल्यांना काय मिळालं, हे विचारणार कोण? आपल्या खासदारांना आपणच विचारायला लावायचं. विमानतळाच्या नावावर, जमिनीवर, नोकऱ्यांवर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण त्या धावपट्टीवरून उडालेलं विमान पुढे कुठून जाणार हाही आपल्याच तालुक्याचा प्रश्न झालाय. इथल्या दर चार-पाच घरांमागे एक मूल बाहेर आहे.

आणि घरगुती सल्ला. मुलं परदेशात असतील तर "दहा तासांत येईल" या हिशोबावर विसंबू नका. आई-वडिलांची तब्येत बिघडतेय असं वाटलं तर "बघू, गरज पडली तर निघू" असं करू नका, आधी निघा. दवाखान्याची कागदपत्रं, बँकेचं नाव लावणं, इथे कोण धावपळ करणार, हे बोलून ठेवा. पुतण्या होता म्हणून काकूंचं निभावलं.

परवा काकू गॅलरीत उभ्या होत्या. नव्या विमानतळाकडे हात करून म्हणाल्या, "आता इथूनच बसेल ना तो?" मी म्हटलं, "बसेल की." मुलगा डिसेंबरात येणार आहे. या वेळी पंधरा दिवसांची जास्तीची रजा काढून येतोय, असं त्यांनीच सांगितलं.

तुमच्या घरात कुणाला आकाश बंद असल्याचा फटका बसला असेल तर खाली लिहा. आकडे संसदेत येतील तेव्हा येतील, आपली आपण नोंद तरी ठेवू.